कायद्याचे पंचांग आणि पाड्याचे पंचांग

मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतील विधी महाविद्यालयांत आणि नव्याने निघालेल्या विधी विद्यापीठांत सांप्रत विद्वत्तेचा मोठा सुकाळ दिसतो. व्याख्यानमाला, परिसंवाद, परिषदा आणि अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धा यांची तेथे रेलचेल असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेवर आणि तिच्या जोडीच्या दोन कायद्यांवर निबंध वाचले जातात. लवाद, बौद्धिक संपदा, व्यक्तिगत माहितीचे संरक्षण, कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवर तज्ज्ञांची भाषणे होतात. आणि ‘आदिवासींचे हक्क’ हा विषयही अधूनमधून कार्यक्रमपत्रिकेवर झळकतो. या साऱ्याचे आम्ही स्वागतच करतो. ज्या समाजात कायद्याचा अभ्यास थांबतो, त्या समाजात कायदा म्हणजे बळवंताच्या हातातील दंडुका तेवढा उरतो. परंतु विद्वत्तेचे मोल सभागृहातील टाळ्यांवरून ठरत नसते. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांच्या दारापर्यंत ती पोहोचते की नाही, हीच तिची खरी कसोटी होय. आणि ही कसोटी पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर जव्हार आहे आणि त्याच्या पलीकडे मोखाडा. या दोन तालुक्यांत आपल्या विधी महाविद्यालयांची खरी परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेस ती अद्याप मनापासून बसलेलीच नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जव्हार हे एके काळी मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांची ही भूमी. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खोलगटात थोडे भात, आणि उरलेले सारे रान. येथील माणसासाठी कायदे झाले नाहीत असे कोणी म्हणू लागला, तर त्याने राज्यघटना उघडूनच पाहिलेली नाही असे म्हणावे लागेल. हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येणाऱ्या अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीच्या घशात जाऊ नये म्हणून १९७४ साली जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि गेलेली जमीन परत देण्यासाठी निराळा कायदा झाला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. ग्रामसभेस अधिकार देणारा ‘पेसा’ १९९६ चा, आणि त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ चे. वनहक्कांचा कायदा २००६ चा. अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीस, तिचे उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. एवढ्या कायद्यांची ऊब ज्यांच्या अंगावर आहे, ते लोक थंडीने काकडत कसे, हा प्रश्न कोणत्याही परिसंवादाच्या अध्यक्षास सुचावयास हवा होता!

आणि ते काकडत आहेत, यात शंका नाही. १९९२–९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. मंत्र्यांच्या मोटारी धावल्या, समित्या बसल्या, योजनांची घोषणा झाली. पुढे २०१६ साली मोखाड्यातून आणि जव्हारमधून पुन्हा त्याच बातम्या आल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगास दखल घ्यावी लागली. पाण्याची कथा याहून विलक्षण आहे. मुंबई शहराला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे उभे आहे. आणि त्याच मोखाड्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. धरणाच्या पायथ्याशी तहान आणि जलवाहिनीच्या टोकाला कारंजी! हा प्रश्न नुसता दयेचा आहे काय? पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, ज्यांचे डोंगर आणि ज्यांची नदी त्यांना त्या पाण्याचा किती वाटा, हे कायद्याचेच प्रश्न आहेत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा अशा तोलाचे हे प्रश्न आहेत. पण ते लिहिण्यासाठी कोचाळ्यापर्यंत जावे लागेल.

आमचे म्हणणे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एकच उदाहरण सविस्तर घेतो. २००६ चा वनहक्क कायदा हा आपल्या देशातील एक थोर कायदा आहे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला, त्याला चार हेक्टरांपर्यंत त्या जमिनीवर हक्क मिळावा, असे हा कायदा म्हणतो. एवढेच नव्हे, तर पूर्वी झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचे परिमार्जन करावयाचे आहे, अशी कबुली तो आपल्या प्रास्ताविकातच देतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. मग तो उपविभागीय समितीकडे जातो. मग जिल्हा समितीकडे. ज्याच्यावर अन्याय झाला असे त्याला वाटेल, त्याने वरच्या समितीकडे दाद मागावी. मात्र साठ दिवसांच्या आत मागावी. वाचणाऱ्यास यात काही वावगे दिसत नाही. मुदत नसेल तर कोणताच तंटा मिटणार नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

आता कायद्याचे हे पंचांग बाजूला ठेवून पाड्याचे पंचांग पाहावे. मृगात पेरणी, आषाढात आवणी, आश्विनाच्या सुमारास कापणी. दिवाळी सरली की कणगीचा तळ दिसू लागतो. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे पोरेबाळे, भांडीकुंडी, कोंबड्या यांसह वसई, भिवंडी, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर निघून जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसे. शिमग्याला चार दिवस गावी यावयाचे, होळीला नारळ अर्पण करावयाचा आणि पुन्हा भट्टी गाठावयाची. वैशाखात परत येऊन राब भाजावयाचा आणि पावसाची वाट पाहावयाची. वर्षानुवर्षे हा क्रम चालू आहे.

समजा, अशा एका माणसाच्या दाव्यावर उपविभागीय समितीने मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस निर्णय दिला आणि दावा फेटाळला. किंवा चार एकर कसणाऱ्याच्या पदरात अर्धा एकर टाकला. मूळ कायद्याप्रमाणे साठ दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजावयाचे. पौष गेला, माघ उजाडला, मुदत संपली. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि समितीने आपल्या विवेकाने आणखी तीस दिवस वाढवून द्यावेत अशी सोय झाली. समितीने ती उदारपणे दिली असे धरू. माघही गेला. फाल्गुनी पौर्णिमेस हा माणूस होळीसाठी घरी येतो तेव्हा मुदत संपून पंधरवडा लोटलेला असतो. म्हातारीने आढ्याला खोचून ठेवलेला कागद तो घेतो. तो त्याला वाचता येतोच असे नाही. आणि वाचता आला तरी त्यातील मराठी ही वारली माणसाची मराठी नव्हे, कचेरीची मराठी. चार दिवसांनी त्याला भट्टीवर परत जावयाचे आहे, कारण उचल फिटलेली नाही. अशा रीतीने कोणीही लबाडी न करता, कोणीही कायदा न मोडता, या देशातील एका थोर कायद्याने दिलेला हक्क नव्वद दिवसांत हातचा जातो.

येथे एखादा जाणकार आम्हांस अडवील आणि म्हणेल, ‘अहो, २०१२ च्या त्याच दुरुस्तीत असेही म्हटले आहे की, दावा फेटाळल्याचा किंवा कमी केल्याचा निर्णय दावेदारास समक्ष कळविला पाहिजे, आणि निर्णयाची कारणे नोंदविली पाहिजेत.’ खरे आहे. किंबहुना आमचा मुद्दा तोच आहे. कायद्याचे कलम निर्णयाच्या तारखेपासून दिवस मोजते; नियम म्हणतो, समक्ष कळवा. दावेदार भिवंडीच्या भट्टीवर असेल तर ‘समक्ष’ म्हणजे कोठे? पाड्यावर कोणाच्या तरी हातात कागद देऊन घेतलेली अंगठ्याची पोच ही समक्षता ठरते काय? कलम आणि नियम यांचा मेळ कसा घालावयाचा, आणि घालता येत नसेल तर काय करावयाचे? यालाच तर कायद्याची विद्वत्ता म्हणतात! हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुचत नाही. तो पाड्यावर, शिमग्याच्या चार दिवसांत, आढ्याला खोचलेला कागद कोणी उलगडून वाचला, तरच सुचतो.

आणि हा खेळ एका कागदाचा नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवावे, असा आदेश राज्यांना दिला होता. देशभर खळबळ उडाली, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस न्यायालयाने आपल्या आदेशास स्थगिती दिली. दावे फेटाळताना रीतसर पद्धत पाळली गेली होती की नाही, हे राज्यांनी सांगावे असे फर्मावले. म्हणजे मार्गशीर्षातील तो कागद आढ्याला निपचित पडून राहिलेला नाही. त्या कागदाच्या बळावर एखाद्या दिवशी घराबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार त्या कुटुंबाच्या डोक्यावर आहे. दावा कोणत्या पद्धतीने फेटाळला गेला याला किती महत्त्व आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने ओळखले. ती पद्धत जव्हारमध्ये कशी पाळली गेली, मोखाड्यात कशी पाळली गेली, हे गावोगाव जाऊन तपासण्याचे काम मात्र अभ्यासकांनी करावयास हवे.

विधी महाविद्यालयांच्या विद्वत्तेने असे काम पूर्वी कधी केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ साली विदर्भातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. त्या मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, तेव्हा तिची संमती असली पाहिजे, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हे त्यांनी शास्त्रशुद्ध युक्तिवादाने मांडले. आणि शहरातील सुशिक्षित मुलीला जी दाद मिळते, ती खेड्यातील आदिवासी मुलीला का मिळू नये, असा रोकडा सवाल केला. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. चौघांपैकी धागमवार या पुण्याच्या, हे महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावे. त्या चौघांपाशी पैसा नव्हता, सत्ता नव्हती, सभागृह नव्हते. कायद्याचे ज्ञान होते, आणि ज्या मुलीला त्या ज्ञानाचा एक शब्दही ठाऊक नव्हता, तिच्या जागी उभे राहून निकाल वाचण्याची बुद्धी होती.

दुसरे उदाहरण तर जुन्या ठाणे जिल्ह्यातीलच आहे. वनजमीन कसणाऱ्या आदिवासींच्या वतीने प्रदीप प्रभू यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि १९९१ साली त्यावर आदेश झाला. लेखी पुरावा नाही एवढ्याच कारणाने दावा उडवून न देता इतर पुरावाही पाहावा, हे तत्त्व त्या लढ्याने पुढे आणले. पुढे वनहक्क कायद्याचे नियम झाले, त्यांत गावातील वृद्धांची लेखी घेतलेली साक्ष हा पुरावा मानला गेला. ज्याच्या सात पिढ्यांत कोणाकडे कागद नव्हता, त्याच्या आजोबाच्या शब्दाला सरकारी दप्तरात किंमत आली! ही क्रांती सभागृहात जन्मली नाही. ती पाड्यावर जन्मली, न्यायालयात वाढली आणि मग पाठ्यपुस्तकात आली. आपल्या विधी महाविद्यालयांत मात्र हा प्रवास उलट्या बाजूने शिकविला जातो. आधी कलम, मग निकाल, आणि माणूस अभ्यासक्रमाच्या शेवटी. तोही वेळ उरला तर.

तेव्हा करावयाचे काय? नुसते दोष दाखवून थांबणे हा आमचा हेतू नाही. आमच्या चार सूचना आहेत, आणि त्यांपैकी एकीसाठीही नव्या कायद्याची किंवा मोठ्या अनुदानाची गरज नाही.

पहिली सूचना विद्यार्थ्यांविषयी. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ज्याला विद्यार्थी ‘इंटर्नशिप’ म्हणतात, सक्तीचा आहे. एका वर्षात तो सलग चार आठवड्यांपर्यंत घेता येतो. तो कोठे घ्यावा याची जी यादी नियमांत आहे, तीत वकील, न्यायालये आणि कंपन्या यांच्याबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. म्हणजे ग्रामपंचायत आहे. विद्यार्थी मात्र बहुधा काचेच्या मनोऱ्यातील वकिलांच्या पेढ्यांकडे धाव घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण दुसरी वाट त्यांना कोणी दाखविलेली नाही. महाविद्यालयांना उन्हाळ्याची सुटी लागते ती नेमकी वैशाखात, जेव्हा भट्टीवरून माणसे गावी परत आलेली असतात आणि पाऊस अजून पडावयाचा असतो. कायद्याचे आणि पाड्याचे पंचांग जुळते असे वर्षातील हे चार आठवडे आहेत. दर वर्षी प्रत्येक विधी महाविद्यालयाने आपले दहा-वीस विद्यार्थी एका अध्यापकासह या चार आठवड्यांसाठी जव्हार-मोखाड्यातील ग्रामपंचायतींत पाठवावेत. त्यांनी भाषणे करू नयेत. आढ्यावरचे कागद उतरवावेत, वाचून दाखवावेत, तारखा मांडाव्यात, अर्ज लिहून द्यावेत.

दुसरी सूचना विधी साहाय्य केंद्रांविषयी. विधी महाविद्यालयांत अशी केंद्रे चालवावीत असे १९८७ च्या कायद्याच्या कलमातच सुचविले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची आदिवासींसाठी २०१५ ची स्वतंत्र योजनाही आहे. पण केंद्र म्हणजे दारावरची पाटी नव्हे, आणि शिबिर म्हणजे फलक, हार, छायाचित्र आणि दुपारी परतीची मोटार नव्हे. वर्षातून एकदा झालेल्या शिबिरात माणूस फार तर आपली अडचण सांगतो; उत्तर ऐकण्यास तो जातो तेव्हा तेथे कोणी नसते. केंद्र चालवावयाचे तर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, ठरलेल्या झाडाखाली, ठरलेल्या वेळी, बारा महिने चालवावे. आणि माणसे भट्टीवर गेली की केंद्रानेही भट्टीवर जावे. तेथे तर त्याची अधिकच गरज आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगून ठेवले आहे. लग्नाच्या खर्चासाठी कर्ज काढून सावकाराचा ‘लग्नगडी’ होणारा माणूस आपण इतिहासजमा झाला असे समजतो; उचलीच्या हिशेबात अडकून भट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याची वही एखाद्या विद्यार्थ्याने तपासली, तर इतिहास किती जमा झाला आणि किती बाकी आहे, ते त्याला कळेल.

तिसरी सूचना संशोधनाविषयी. पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदाने राज्यपालांना असा अधिकार दिला आहे की, एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होऊ नये, किंवा फेरफार करून लागू व्हावा, असे ते अधिसूचनेने ठरवू शकतात. हा अधिकार कागदावर झोपलेला नाही. जिल्हा समितीचा निर्णय अखेरचा, असे वनहक्क कायदा म्हणत असताना महाराष्ट्राच्या राज्यपालांनी १८ मे २०२० रोजी याच अधिकाराने विभागीय समितीकडे अपील करण्याची वाट मोकळी केली. मग मुदतीचा प्रश्नही याच वाटेने का सुटू नये? दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळावेत, किंवा निर्णय ग्रामसभेत दावेदारासमोर वाचला गेल्याच्या दिवसापासून मुदत मोजावी, असा फेरफार राज्यपालांना करता येईल असे आम्हांस वाटते. पण राज्यपालांपुढे मागणी जावयाची ती गावोगावच्या तारखांसह गेली पाहिजे. निर्णय कधी झाला, कळविला कधी, माणूस गावी होता की नव्हता, याचा तक्ता मांडून एखाद्या महाविद्यालयाने निवेदन सादर केले, तर त्या एका निवेदनाचे वजन शंभर परिषदांच्या ठरावांहून अधिक भरेल.

चौथी सूचना जाहीर कार्यक्रमांविषयी. वर्षाकाठी जी व्याख्याने होतात, त्यांतील एक तरी जव्हारला व्हावे. बोहाड्याची सोंगे पाहावयास रात्र रात्र जागणारे येथील लोक चार शब्द कायद्याचे ऐकावयास येणार नाहीत, असे ज्याला वाटते त्याला हे लोक ठाऊक नाहीत. भाषण मराठीत व्हावे आणि वारलीत समजावून सांगणारा माणूस शेजारी असावा. भाषणाहून प्रश्नांना अधिक वेळ द्यावा. आणि विद्वान वक्त्याने उत्तर येत नसेल तेथे ‘पाहून सांगतो’ असे म्हणावे, आणि पुढच्या वर्षी खरोखरच सांगावे. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असेल. पण महाराष्ट्रातील खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. असे असूनही विधी महाविद्यालयांची नियतकालिके प्रायः इंग्रजीतच निघतात. ज्यांच्या जमिनीविषयी लेख लिहिला, त्यांच्यापैकी एकालाही तो वाचता येऊ नये, ही कोणत्या विद्वत्तेची शान?

यावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. कोणी म्हणेल, विद्यार्थी हे वकील नव्हेत; अर्ध्या कच्च्या ज्ञानाने ते गरिबांचे नुकसान करतील. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच अध्यापक बरोबर असावा, असे आम्ही म्हटले. कागद वाचून दाखविण्यास आणि तारीख मोजण्यास सनद लागत नाही; न्यायालयात उभे राहण्याची वेळ आली तर मोफत वकील देण्याची जबाबदारी विधी सेवा प्राधिकरणाची आहे. आदिवासीने ती मदत मागितली नाही म्हणून ती नाकारता येत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली अरुणाचलातून आलेल्या एका खटल्यात घालून दिले आहे. ज्याला हक्क असल्याचेच ठाऊक नाही, तो मागणार कसा?

कोणी असेही म्हणेल की, त्या भागात कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना, वयम् चळवळ अशा संस्था काम करीत आहेतच. मग महाविद्यालयांची गरज काय? या संस्थांनी केलेल्या कामाविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्यात परस्परांत मतभेद आहेत, आणि त्यांत पडण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु संघटनेचे काम लढण्याचे. विद्यापीठाचे काम तपासण्याचे. लढणाऱ्याच्या हातात तपासलेले सत्य असले तर त्याची लढाई सोपी होते, आणि ज्याच्याशी लढावयाचे त्या अधिकाऱ्यालाही आपली चूक निमूटपणे सुधारण्यास जागा मिळते. तहसील कचेरीतील सारेच लोक दुष्ट आहेत, असे आम्ही मानीत नाही. अनेक ठिकाणी नियम अधिकाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतो. गावाबरोबर कचेरीचाही वर्ग घ्यावा लागेल, आणि तो घेण्यास विधी महाविद्यालयाहून योग्य कोण?

तिसरा आक्षेप स्पष्टपणे कोणी बोलणार नाही, पण मनात अनेकांच्या असेल. जव्हार-मोखाड्यात काम करून विद्यार्थ्याच्या पुढील नोकरीला काय फायदा? शिक्षणाचा हिशेब याच वहीत मांडावयाचा असेल, तर आम्हांस काही बोलावयाचे नाही. मात्र एक आठवण करून देतो. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. पुढे ज्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, तिच्या हातून तयार झालेल्या घटनेत पाचवी अनुसूची आहे. विधी महाविद्यालयाच्या अध्यापकाच्या खुर्चीपासून जव्हारच्या डोंगरापर्यंतचा रस्ता अशा रीतीने एकदा आखला गेला आहे. त्यावरून चालणारे कमी झाले, एवढेच.

कायद्याची महती त्याच्या भाषेत नसते आणि ती विशद करणाऱ्या व्याख्यानातही नसते. ज्या माणसासाठी तो केला, त्या माणसाच्या हातात तो वेळेवर पडला की नाही, यात ती असते. या वर्षीही दिवाळी येईल, पाड्यांवरची घरे बंद होतील आणि बिऱ्हाडे घाट उतरून भट्ट्यांकडे जातील. त्यांच्यामागे निर्णयाचे कागद येतील आणि दिवस मोजले जाऊ लागतील. येत्या वैशाखात ते कागद उलगडण्यास जव्हार-मोखाड्यात कोण हजर असेल, याचे उत्तर महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांनी आजच द्यावे. आणि ते ठरावाने न देता, जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या अध्यापकांच्या यादीने द्यावे.